घरबसल्या एम.बी.ए. : आधी घड्याळ बघा, मग फॉर्म भरा

‘‘खाला, एम.बी.ए.चा फॉर्म भरू का? घरबसल्या होतं म्हणे, आपल्या सोयीनं.’’

सोलापूरहून भाचीचा फोन आला तेव्हा इशाची नमाज होऊन गेली होती आणि मी दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी निवडत बसले होते. भाची चोवीस वर्षांची. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली, पुढे बी.कॉम. झाली. टॉवेल बनवणाऱ्या एका कारखान्याच्या कचेरीत हिशेबाचे काम करते, पगार सोळा हजार. सकाळी साडेनऊला घरातून निघते ती संध्याकाळी सातला परत येते. पुण्याला वसतिगृहात राहून दोन वर्षे शिकायला घरची परिस्थिती नाही, आणि दुल्हेभाईंची तयारीही नाही. म्हणून दूरशिक्षण.

मी लगेच ‘भर’ म्हणाले नाही. तिला वाईट वाटले असणार. कारण तिच्या डोळ्यांसमोर उदाहरण माझेच होते. मीही नोकरी करत, दोन मुले सांभाळत, दूरशिक्षणानेच एम.बी.ए. केले. पण ज्याने विहिरीत पोहून पाहिले आहे, त्याला तिची खोलीही ठाऊक असते. तिला जे जे सांगितले ते इथे लिहिते आहे, कारण हाच प्रश्न घेऊन गेल्या दोन-तीन वर्षांत मोहल्ल्यातल्या कितीतरी मुली, आणि काही मुलगेही, माझ्याकडे येऊन गेले आहेत.

पहिली गोष्ट ‘आपल्या सोयीनं’ या शब्दांची. जाहिरातीत हे शब्द फार गोड वाटतात. प्रत्यक्षात सोय एवढीच, की रोज वर्गात जाऊन बसावे लागत नाही. बाकी सारे वेळापत्रकाला बांधलेले असते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे, म्हणजे इग्नूचे उदाहरण घेऊ. १९८५ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालेले हे विद्यापीठ आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. तिथे प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या सत्रासाठी. परीक्षाही दोनदाच, जून आणि डिसेंबरात. प्रत्येक विषयाचे गृहपाठ ठरलेल्या तारखेच्या आत द्यायचे. त्यांना तीस टक्के वजन आणि लेखी परीक्षेला सत्तर टक्के. एक परीक्षा हुकली की सहा महिने गेले. एम.बी.ए. कमीत कमी दोन वर्षांत आणि जास्तीत जास्त चार वर्षांत पुरे करायचे असते. म्हणजे सोय आहे, पण तिला भिंती आहेत. आणि या भिंतींच्या आत तुम्हाला पहाटे उठवणारे, ‘आज वाचलंस का’ म्हणून विचारणारे कोणी नसते.

आता घड्याळाचा हिशेब. हा हिशेब मला कोणी आधी करून दिला असता तर फार बरे झाले असते. इग्नूच्या सध्याच्या एम.बी.ए.मध्ये प्रकल्प धरून अठ्ठावीस विषय आहेत आणि त्यांची मिळून ११६ श्रेयांके होतात. एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचा अभ्यास, असे विद्यापीठच मानते. ११६ गुणिले ३० म्हणजे ३,४८० तास. दोन वर्षांत १०४ आठवडे. भागाकार केला तर आठवड्याला तेहतीस तासांहून जास्त! नोकरी करणाऱ्याला हे जवळजवळ अशक्यच. चार वर्षे घेतली तरी आठवड्याला साधारण सतरा तास होतात. रोजचे अडीच तास, ईदच्या दिवशीही, पाहुणे आले तरीही, मूल तापाने फणफणले तरीही.

कोणी म्हणेल, एवढे तास खरोखर कोण वाचतो? खरे आहे, पुष्कळ जण त्याहून कमी वेळात परीक्षा पार करतात. ज्याची वाणिज्य शाखा झाली आहे त्याला हिशेबाचा विषय नव्याने शिकावा लागत नाही. पण ज्याला इंग्रजी पान वाचायला दुप्पट वेळ लागतो, त्याला ते तास कमीच पडतात. आपल्या घरांतल्या उर्दू आणि मराठी माध्यमांतून आलेल्या मुलामुलींनी ही गोष्ट लाजून लपवू नये. व्यवस्थापनाची पुस्तके मुख्यतः इंग्रजीतच असतात आणि उत्तरेही बहुतेक जण इंग्रजीतच लिहितात. तीन तासांत हाताने पंधरा-वीस पाने इंग्रजी लिहिण्याची सवय सुटलेली असते. मला पहिल्या परीक्षेत प्रश्नांची उत्तरे येत होती, हात चालत नव्हता.

माझ्या वेळचा अभ्यासक्रम जुना होता. तेव्हा ओपनमॅट नावाची प्रवेश परीक्षा असायची, एकवीस विषय असायचे आणि पुरे करायला आठ वर्षांपर्यंत मुदत मिळायची. मी २०१५ ला सुरुवात केली आणि २०१९ च्या अखेरीस सुटले. पाच वर्षे. त्यात संख्याशास्त्राचा विषय, आमच्या भाषेत ‘एम.एस. आठ’, दोनदा नापास झाले. पहिल्यांदा नापास झाल्याचे घरी कोणाला सांगितलेच नाही. २०१७ च्या जूनमध्ये तोच पेपर पुन्हा दिला, तेव्हा रमजान चालू होता. सहरी करून, मुलांचे डबे भरून, दुसऱ्या शहरातल्या केंद्रावर सकाळी दहाला पेपर. उन्हाने आणि रोज्याने घसा कोरडा पडलेला, आणि समोर संभाव्यतेची गणिते. त्या खेपेलाही गेला. तिसऱ्यांदा निघाला तो माझ्या हुशारीने नव्हे. शेजारच्या गल्लीत गणिताची शिकवणी घेणारे एक वयस्कर सर होते, त्यांनी महिनाभर रोज असरनंतर अर्धा तास शिकवले म्हणून.

हे सांगण्याचे कारण असे की दूरशिक्षणात अडणाऱ्याला हात देणारे माणूस स्वतःच शोधावे लागते. अभ्यासकेंद्रावर मार्गदर्शनाचे वर्ग असतात, पण ते थोडे आणि रविवारी. वर्गातला बाक, शेजारी बसणारी मैत्रीण, चहाच्या टपरीवर होणारी चर्चा, यातून जे नकळत शिकले जाते ते इथे मिळत नाही. आणि एम.बी.ए.चा निम्मा फायदा त्या ओळखीपाळखीतच असतो, असे मोठ्या संस्थांत शिकलेले लोक कबूल करतात.

मग प्रश्न येतो, हे कशासाठी करायचे? भाचीला मी हेच विचारले. ती थोडी थांबली आणि म्हणाली, ‘‘खरं सांगू? अम्मी म्हणते, बायोडेटावर एम.बी.ए. लिहिलं तर स्थळं बरी येतात.’’ मला हसू आले, पण मी तिला हसले नाही. आपल्या समाजात, आपल्याच काय पण सगळ्याच समाजांत, मुलीच्या पदवीकडे असेही पाहिले जाते. फक्त एवढ्याचसाठी साडेतीन हजार तास आणि साठ-पासष्ट हजार रुपये खर्चायचे असतील तर त्याहून स्वस्त उपाय आहेत. एम.कॉम. आहे. आणि तिच्या कचेरीत तिचा पगार वाढवायचा असेल तर जीएसटीचे विवरणपत्र स्वतः भरता येणे आणि टॅलीवर हात बसणे, याचा उपयोग उद्यापासून होईल.

मी बारकाईने विचारल्यावर दुसरे कारण निघाले. तिच्या कारखान्यात निर्यातीचे काम पाहणारी एक बाई आहे. परदेशी गिऱ्हाइकांशी बोलते, मालाचा भाव ठरवते, जहाजाच्या तारखा सांभाळते. भाचीला ती खुर्ची हवी आहे. आता हे कारण मला पटले. जो आधीच एखाद्या धंद्यात उभा आहे, ज्याला काम कळते पण कामाचे शास्त्र कळत नाही, किंवा ज्याची बढती ‘पदव्युत्तर पदवी आवश्यक’ या एका ओळीपाशी अडली आहे, त्याला दूरशिक्षणाचे एम.बी.ए. खरोखर उपयोगी पडते. दिवसा जे पाहिले ते रात्री पुस्तकात सापडते. मिरजेतल्या ज्या रुग्णालयात मी काम करते, तिथे औषधांचा साठा का तुंबतो आणि का संपतो, हे मी आठ वर्षे नुसते बघत होते. साठा-नियंत्रणाचा धडा वाचला आणि दुसऱ्या दिवशी भांडाराची वही घेऊन बसले. बढती मला दोन वर्षांनी मिळाली. ती पदवीमुळे की त्या वहीमुळे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

घरचा धंदा असणाऱ्यांनाही हेच लागू आहे. बेकरी, फर्निचर, गॅरेज, फळांची आडत, आपल्याकडे अशी दुकाने पुष्कळ. तिथल्या मुलाला नोकरी नकोच असते, धंदा नीट मांडायला हवा असतो. त्याच्यासाठी पूर्ण वेळ दुकान सोडून जाण्यापेक्षा हा मार्ग बरा. पण ज्याला अजिबात अनुभव नाही आणि एम.बी.ए. झाले की मोठी कंपनी नोकरी देईल अशी आशा आहे, त्याला मी सरळ सांगते, या मार्गाने ती आशा धरू नकोस. महाविद्यालयात कंपन्या येऊन मुले निवडतात, तसे इथे फारसे घडत नाही. त्याने राज्याची एम.बी.ए. सीईटी द्यावी आणि नियमित महाविद्यालयाचा प्रयत्न करावा. मुंबईत राहणाऱ्या नोकरदारांना संध्याकाळच्या अर्धवेळ अभ्यासक्रमांचाही पर्याय आहे.

पदवीच्या किमतीबद्दल दोन बोलणी ऐकू येतात. एक म्हणतो, ‘दूरशिक्षणाची पदवी कोणी विचारत नाही.’ दुसरा म्हणतो, ‘कायद्याने दोन्ही सारख्याच.’ दोन्हींत अर्धे अर्धे सत्य आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानावी. हे कायद्याचे झाले. पण नोकरी देणारा जाहिरातीत ‘पूर्णवेळ दोन वर्षांचे एम.बी.ए.’ अशी अट घालतो तेव्हा तिथे आपला अर्ज बसत नाही. काही सरकारी कंपन्यांच्या आणि बँकांतल्या विशेष अधिकाऱ्यांच्या जागांसाठी अशी अट दिसते. तेव्हा ज्या नोकरीवर डोळा आहे तिच्या मागच्या दोन-तीन जाहिराती काढून शब्द न् शब्द वाचा. दहा मिनिटांचे काम आहे.

आखातात जाण्याचा विचार असेल तर आणखी काळजी हवी. रत्नागिरी-रायगडकडच्या आपल्या घरांना हे सांगायला नको, तिथे पदवीची साक्षांकने करून घ्यावी लागतात. राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग बहुधा त्या देशाचा दूतावास अशी कागदाची वारी असते. त्यात शिक्षण नियमित होते की दूरस्थ, हेही अनेकदा विचारले जाते. हुद्दा पदवीवर अवलंबून असेल तर तिकडच्या मालकाला प्रवेश घेण्याआधीच विचारून घ्यावे.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी हा लेख लिहायला बसले. माझा एक मामेभाऊ. विम्याच्या कचेरीत होता. मोबाइलच्या दुकानाच्या माडीवर एक ‘स्टडी सेंटर’ होते, परराज्यातल्या कुठल्याशा विद्यापीठाचा फलक लावलेले. तिथल्या माणसाने सांगितले, मागच्या तारखेने प्रवेश दाखवू, वर्षभरात दोन वर्षांची पदवी देऊ, परीक्षेची चिंता करू नका. मामींनी भिशीचे पैसे उचलले. पदवी आलीसुद्धा, सोनेरी शिक्क्याची. पुढे दुसऱ्या कंपनीत रुजू होताना कागदपत्रांची पडताळणी झाली आणि विद्यापीठाकडून उत्तर आले की या क्रमांकाचा विद्यार्थी आमच्या नोंदीत नाही. नवी नोकरी गेली, जुनी सोडलेली होती. माडीवर जाऊन पाहिले तर तिथे ब्युटी पार्लर. मामींनी आजतागायत त्या पैशांचे नाव काढलेले नाही. ते मुकेपण त्याला जास्त लागते.

तो भोळा होता असे म्हणून सोडून देऊ नये. मोठमोठे फसले आहेत. काही अभिमत विद्यापीठांनी मान्यता न घेता दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांवर कठोर निकाल दिला, तेव्हा नोकरीत स्थिरावलेल्या कितीतरी लोकांच्या पायाखालची जमीन सरकली.

म्हणून पैसे देण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर जा. विद्यापीठाचे नाव तिथे असणे पुरेसे नाही. तुम्ही ज्या सत्रात प्रवेश घेणार त्या सत्रासाठी, आणि नेमक्या एम.बी.ए.साठी मान्यता आहे का, ते बघा. एखाद्या विद्यापीठाला बी.ए.ची मान्यता असते आणि एम.बी.ए.ची नसते. आता विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी क्रमांक त्याच संकेतस्थळावर काढावा लागतो. तो काढल्याशिवाय प्रवेश पक्का करतो असे कोणी म्हणाले तर उठून या. राज्य विद्यापीठाला आपल्या कार्यक्षेत्राबाहेर दूरशिक्षणाची केंद्रे चालवता येत नाहीत आणि कुठल्याच विद्यापीठाला हे काम दलालाला ठेक्याने देता येत नाही. ‘पास करून देतो’ हे शब्द कानावर पडले तर पुढचे ऐकूच नका. आणि मिळणार ते ‘एम.बी.ए.’ आहे की व्यवस्थापनाची ‘पदविका’, हेही कागदावर वाचून घ्या. पदविका वाईट नसते, पण ती पदवी नसते.

खर्चाचे बोलू. इग्नूच्या चारही सत्रांची फी मिळून साठ-पासष्ट हजारांच्या घरात जाते. परीक्षेचे शुल्क विषयागणिक वेगळे. फी बदलत असते, म्हणून ताजे माहितीपत्रकच प्रमाण. काही खासगी विद्यापीठांचे ऑनलाइन एम.बी.ए. याच्या दुप्पट-तिपटीच्याही पुढे जाते आणि मग ‘सोपे हप्ते’ पुढे केले जातात. त्या हप्त्यांमागे बहुधा एखादी कर्ज देणारी कंपनी असते. आपल्यातले बरेच जण सूद टाळतात. त्यांनी तर करारावरची बारीक अक्षरे वाचलीच पाहिजेत. शिक्षण मध्येच सोडले तरी हप्ते सुटत नाहीत, हेही तिथेच लिहिलेले असते. सत्रागणिक फी भरायची मुभा असेल तर दर सहा महिन्यांनी पंधरा-सोळा हजार बाजूला काढणे सोळा हजार पगारातही जमण्यासारखे आहे. आणि एका सत्रानंतर झेपत नाही असे वाटले तर नुकसान तेवढ्यावरच थांबते.

प्रवेशाला कोणत्याही शाखेची पदवी चालते, खुल्या प्रवर्गाला पन्नास टक्के आणि राखीव प्रवर्गांना पंचेचाळीस टक्के गुण लागतात. भाचीला बासष्ट आहेत. तेव्हा दार उघडे होते. पण मी तिला म्हटले, फॉर्म राहू दे, आधी सहा आठवडे मला दे.

इग्नूची पुस्तके ‘ई-ज्ञानकोश’ या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात, प्रवेश घ्यायची गरज नाही. तिथून संख्याशास्त्राचे पुस्तक, हल्लीचे ‘एम.एम.पी.सी. पाच’, काढ आणि वाच. सोपे पुस्तक नको, तेच घे, कारण अडायचे ते तिथेच अडते. भारत सरकारच्या ‘स्वयम्’ या मंचावर बंगळूरच्या आय.आय.एम.चे व्यवस्थापनाचे वर्गही फुकट ऐकायला मिळतात, त्यातला एखादा धर. आणि रोज किती मिनिटे बसलीस ते वहीत लिही. मन राखण्यासाठी वाढवून लिहू नकोस.

तिने लिहिले. परवा तिने वहीच्या पानांचे फोटो पाठवले. पहिल्या आठवड्यात चौदा तास, दुसऱ्यात तेरा. तिसऱ्यात आपाच्या गुडघ्याचे दुखणे निघाले, म्हणून पाच. चौथ्यात घरी मंगनी होती, चार. पाचव्यात आणि सहाव्यात पुन्हा बारा-बारा. सरासरी दहा. सतरा नव्हे, पण शून्यही नव्हे. शेवटच्या पानावर तिने एक गंमत टिपली होती, बारापैकी नऊ तास पहाटेचे होते. फजरनंतर घर पुन्हा झोपते तेव्हा तिला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून दीड तास मिळतो. संध्याकाळचे तास नुसते नावाचे.

मधल्या काळात एक स्थळही आले आहे. मुलगा लातूरला औषधांच्या कंपनीत आहे, माणसे बरी वाटली असे आपा म्हणते. त्यांना तिचे शिकणे ‘चालेल’. ‘चालेल’ या शब्दावर माझा फारसा विश्वास नाही. माझ्या सासूबाईंनीही चालेल म्हटले होते. त्यांचा शब्द खरा होता, पण सकाळी पहिला चहा सहा वाजता त्यांना लागायचा आणि माझ्या अभ्यासाची वेळही तीच होती. दोघींनाही एकमेकींचे म्हणणे कळायला वर्ष गेले. पुढे चहा सासरे करू लागले तेव्हा माझे दोन विषय एकदम निघाले.

येत्या रविवारी ती माणसे सोलापूरला पुन्हा येणार आहेत. मीही जाते आहे. एम.बी.ए. करायचे की नाही, हे त्यांना विचारायचे नाही, ते भाची ठरवील. जानेवारीच्या सत्राला अजून वेळ आहे. दुल्हेभाईंशी बोलून एवढेच ठरले आहे, की लग्नानंतर पहाटेचा तो दीड तास तिचा राहील का, आणि त्या वेळी चहा कोण करील, हे चहा पिताना स्पष्ट विचारायचे. विचारणार भाची स्वतः. आपा म्हणते, असे विचारणे बरे दिसत नाही. भाची म्हणते, तिने वाक्य पाठ करून ठेवले आहे.